गुंठ्यातले १८० चौरस फूट: सीमाभागात बसून ऑनलाइन बीजगणित शिकणाऱ्यांसाठी

माझी भाची नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी म्हणाली, "मामा, व्हिडिओ बघताना सगळं समजतंय की, पण वही घेतली की काहीच येईना. असं का?"

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं काम बघतो. येळ्ळूरला मराठी शाळेत शिकलो, एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीला, गणितात काठावर सुटलो आणि पुन्हा बीजगणिताचं तोंड बघायचं नाही असं ठरवून टाकलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सदतिसाव्या वर्षी तेच व्हिडिओ लावून मीही बसलो, आणि माझंही तसंच झालं. बारा मिनिटं मान डोलावली आणि स्वाध्यायातल्या पहिल्याच उदाहरणाला अडलो.

आता रविवारी सकाळी आमच्या घराच्या सोप्यात चार-पाच पोरं आणि दोन मोठी माणसं वह्या घेऊन बसतात. मी शिक्षक नाही. त्यांच्यापेक्षा दोन वर्षं आधी अडखळलो, एवढाच माझा अधिकार. शाळा सुटून वर्षं झालेले, आयटीआय किंवा डिप्लोमाला जाणारे, भरतीच्या परीक्षेला बसणारे, मुलाचा अभ्यास घेताना घाम फुटणारे आई-बाप अशांसाठी हे लिहितोय.

आधी भोक शोधा

बहुतेक जण थेट दहावीच्या पहिल्या धड्याचा व्हिडिओ लावतात. तिथं समजलं नाही की बीजगणित अवघड आहे असं म्हणतात. खरं भोक बहुतेक वेळा सहावी-सातवीत असतं, ऋण संख्यांत नाहीतर अपूर्णांकांत. म्हणून मोबाईल हातात घेण्याआधी ही सहा उदाहरणं कागदावर करा, कॅल्क्युलेटर न वापरता:

३ − ८
−७ − ५
३ − (−५)
८ − २ × (३ − ५)
२/३ + १/४
(−३)² आणि −३²

उत्तरं अशी: −५, −१२, ८, १२, ११/१२, आणि शेवटच्याची ९ व −९. चौथ्याचं उत्तर −१२ आलं असेल तर तुम्ही आधी ८ मधून २ वजा केलेत. गुणाकार आधी, वजाबाकी नंतर. शेवटच्यात कंस असेल तर वजा चिन्हाचाही वर्ग होतो, नसेल तर फक्त तीनचा होतो आणि वजा तसाच बाहेर राहतो.

सहापैकी दोन चुकली तरी सहावी-सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करा. लाज वाटते, मलाही वाटली होती. रात्री जेवणं झाल्यावर भाचीचं सातवीचं पुस्तक घेऊन बसायचो, बायको विचारायची, "परीक्षा कुणाची आहे?" दोन आठवडे गेले त्यात. पण पुढचे सहा महिने त्या दोन आठवड्यांवर निघाले.

पुस्तक एक धरा, आणि ते कुठल्या राज्याचं आहे ते बघा

ही अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळायची नाही. आपण मराठीत "दहावी बीजगणित" असं शोधलं की समोर येतात ते जवळजवळ सगळे व्हिडिओ महाराष्ट्र बोर्डाचे. शिकवणारे चांगले असतात, भाषा आपली असते, म्हणून आपण बघत सुटतो. आणि आपल्या मुलाची परीक्षा असते कर्नाटकाची.

महाराष्ट्रात नववी-दहावीला गणिताची दोन पुस्तकं आहेत. भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती. दहावीला प्रत्येकाचा ४० गुणांचा वेगळा पेपर असतो. कर्नाटकात एसएसएलसीला गणित एकच. ८० गुणांची लेखी परीक्षा, २० गुण अंतर्गत, आणि बीजगणित-भूमिती त्याच पेपरात शेजारी-शेजारी. इथलं हायस्कूलचं गणिताचं पुस्तक एनसीईआरटीच्या धर्तीवर आहे, बालभारतीच्या नाही. महाराष्ट्राच्या पुस्तकात दोन चलांची समीकरणं सोडवायला क्रेमरची निश्चयक पद्धत आहे, अर्थनियोजन नावाचं जीएसटी आणि शेअरचं अख्खं प्रकरण आहे. एसएसएलसीला ते विचारत नाहीत. सोप्यात येणाऱ्या एका पोरानं क्रेमरवर आठ दिवस घालवले होते, फार मन लावून. मी त्याला वाया गेले असं म्हटलं नाही, पण चाचणी परीक्षा तोंडावर होती.

म्हणून पहिलं काम हे करा. मुलगा कर्नाटकाच्या शाळेत असेल तर कर्नाटक टेक्स्टबुक सोसायटीच्या संकेतस्थळावरून मराठी माध्यमाच्या पुस्तकाची पीडीएफ उतरवून घ्या, फुकट आहे. अनुक्रमणिकेचं पान छापून भिंतीला लावा. व्हिडिओ कुणाचाही बघा, पण त्या पानावर जे नाव नाही ते परीक्षेपर्यंत बघू नका.

परीक्षेचं बंधन नसलेल्या मोठ्या माणसांना मात्र मी बालभारतीच सुचवतो. सहावी ते दहावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, भाषा सरळ आहे आणि सोडवलेली उदाहरणं भरपूर. दोन्ही राज्यांच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कधी उत्तम निघतं, कधी नुसती पुस्तकाचीच पानं हलताना दिसतात.

खान अकॅडमी या संकेतस्थळाचं वेगळं सांगतो. सलमान खान नावाच्या माणसानं २००४ मध्ये लांब राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला घेतलं, त्यातून हे उभं राहिलं. तिथला खरा माल व्हिडिओत नाही, सरावात आहे. उत्तर चुकलं की इशारा मिळतो, पुन्हा चुकलं की पायरी दाखवतात, आणि पैसे लागत नाहीत. मराठीत धडे आहेत, इंग्रजीइतके नाहीत. ज्याला पुढं इंग्रजीत शिकायचंय त्यानं शाळेतल्या धड्याचा सराव तिथं इंग्रजीत करावा. आकडे तेच असतात, त्यामुळे भाषा अंगावर येत नाही.

तीन खान्यांची वही

आपल्याकडच्या मुलाच्या कानावर गणित तीन भाषांत पडतं. शाळेत मराठी, शेजारच्या मित्राकडे कन्नड, पुढं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की इंग्रजी. हे ओझं आहे असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण शब्द मांडून ठेवले नाहीत तर गोंधळ नक्की होतो.

वहीच्या मागच्या पानांवर उभ्या रेघा मारून तीन खाने करा. मराठीत चल, कन्नडमध्ये चराक्षर, इंग्रजीत व्हेरिएबल. मराठी बहुपदी, कन्नड बहुपदोक्ती, इंग्रजी पॉलिनोमियल. आपली अंकगणिती श्रेढी कन्नडमध्ये समांतर श्रेढी होते आणि इंग्रजीत अरिथमेटिक प्रोग्रेशन. समीकरण आणि सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) हे दोन शब्द दोन्हीकडे सारखेच, तिथं फक्त इक्वेशन आणि कोइफिशंट लिहिलं की झालं.

फसवणारे शब्द लाल शाईनं लिहा. मराठीत आपण अवयव पाडतो, कन्नडमध्ये त्याला अपवर्तन म्हणतात. आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात अपवर्तन म्हणजे काचेतून जाताना प्रकाशाचा किरण वाकतो ते! दुसरा शब्द विधान. आपल्याकडे विधान म्हणजे वाक्य, कन्नडमध्ये विधान म्हणजे पद्धत. वडगावच्या एक ताई आमच्याकडे येतात. दिवसभर मागावर काम, संध्याकाळी भरतीचा अभ्यास. त्यांनी कन्नड मार्गदर्शकात "अपवर्तन विधान" वाचलं आणि दोन दिवस त्यांना वाटत होतं की प्रकाशाबद्दलचं काहीतरी वाक्य सिद्ध करायचंय. होतं साधं अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवणं.

शब्द तिन्ही भाषांत ठेवा, पण उदाहरण सोडवताना मनातल्या मनात बोलायची भाषा एकच असू द्या. माझी मराठी आहे. ज्याला जी येते ती.

व्हिडिओ थांबवायला शिका

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. व्हिडिओतल्या सरांना पुढची पायरी माहीत असते, म्हणून ती सहज येते. ती सहज येताना बघून आपल्यालाही सहज वाटते. पुढं काय करायचं हे ठरवायची वेळ आपल्यावर आलेलीच नसते, आणि बीजगणितात अवघड काम तेवढंच आहे.

आमच्याकडे आता असं करतो. सरांनी उदाहरण फळ्यावर लिहून झालं की लगेच थांबवायचं, पहिली पायरी करायच्या आत. उदाहरण वहीत उतरवायचं आणि स्वतः सोडवायला घ्यायचं. पाच मिनिटं. नाही आलं तर सरांची एक पायरी बघायची, पुन्हा थांबवायचं, पुढची आपण करायची. बारा मिनिटांच्या व्हिडिओला अशानं पाऊण तास लागतो. लागू दे. सर घाईत बोलत असतील तर वेग पाऊणपट करा, आवाज जरा लोळतो पण हात पोचतो.

संपल्यावर वही मिटायची आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा. तिसऱ्यांदा न बघता आलं तर तो व्हिडिओ झाला म्हणायचं. रोज एक पुरे, रोज तीन बघणारं पोर आमच्याकडे महिनाभरही टिकत नाही.

तागडी

आता प्रत्यक्ष बीजगणित. अक्षराची भीती आधी काढू. पुस्तकात आणि पडद्यावर तुम्हाला इंग्रजी एक्स आणि वाय दिसतील, मी इथं क्ष आणि य लिहितोय. काही फरक नाही, माहीत नसलेल्या संख्येला दिलेलं ते नाव आहे. आपल्या जुन्या गणितज्ञांनी त्याला यावत्तावत् म्हटलं, म्हणजे जेवढं असेल तेवढं. दुसरी अज्ञात संख्या आली की कालक, तिसरी नीलक, पुढं पीतक, अशी रंगांची नावं. इ.स. १११४ मध्ये जन्मलेले भास्कराचार्य असंच लिहायचे. त्यांचं गाव विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण यावर आजही दोन्ही बाजूंनी दावे होतात, म्हणजे सीमावाद बीजगणितालाही चुकलेला नाही.

शाळेत आपल्याला एक मंत्र मिळाला, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं." या मंत्रानं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याच अवघड धड्यानं केलं नसेल. ३क्ष = १२ हे उदाहरण मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला देतो. दहातले चार जण लिहितात, क्ष = १२ − ३ = ९. का? तीन पलीकडे गेले, चिन्ह बदललं.

बाजारातली जुनी तागडी डोळ्यांसमोर आणा. डाव्या पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पिशव्या, उजव्यात १२ किलोची वजनं, काटा मधोमध. एका पिशवीचं वजन काढायचं तर दोन्ही पारड्यांचे तीन-तीन सारखे वाटे करायचे. एक पिशवी, चार किलो. क्ष = ४. पलीकडे कुणी गेलं नाही आणि चिन्हही बदललं नाही. दोन्ही पारड्यांत एकच काम केलं, बस्स. क्ष + ३ = १२ असेल तर दोन्हीकडून ३ काढून घ्यायचे, क्ष = ९. पहिला महिना प्रत्येक ओळीशेजारी लिहा, "दोन्हीकडून ३ वजा", "दोन्हीकडे ३ ने भागलं". कंटाळा येईल. लिहा तरीही.

पुढची चूक कंसाची. हे उदाहरण बघा:

५क्ष − २(क्ष − ४) = २३

नव्या माणसाच्या वहीत पुढची ओळ हमखास अशी असते: ५क्ष − २क्ष − ८ = २३. मग ३क्ष = ३१, क्ष = ३१/३. उत्तर वेडंवाकडं आलं, पण अपूर्णांक येतात की कधी कधी, म्हणून पुढं जातात.

इथं ताळा घ्यायचा. आपल्या आजोबांची पिढी किराणा मालाच्या चिठ्ठीचासुद्धा ताळा घ्यायची. आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवायची, दुसऱ्या ओळीत नाही, कारण चूक दुसऱ्या ओळीतच असू शकते. ५ × ३१/३ म्हणजे १५५/३. क्ष − ४ म्हणजे १९/३, त्याची दुप्पट ३८/३. वजा केले की ११७/३, म्हणजे ३९. यायला हवे होते २३. म्हणजे कुठंतरी १६ चा घोळ आहे. ८ वजा करायच्या ऐवजी मिळवायला हवे होते, फरक बरोबर १६!

वजा २ नं कंसातल्या दोन्ही पदांना गुणलं, आणि वजा गुणिले वजा अधिक होतं. ५क्ष − २क्ष + ८ = २३. ३क्ष = १५. क्ष = ५. ताळा: २५ − २ × १ = २३. जमलं.

ताळा घेणाऱ्याला उत्तरांचं पान लागत नाही. ऑनलाइन शिकताना शेजारी सर नसतात, तेव्हा सर म्हणजे हा ताळाच. आणि चूक सापडली की ती खोडू नका. शेवटच्या पानावर तारीख घालून उतरवा, "कंसापुढचा वजा, दुसऱ्या पदाला लावायचा विसरलो". माझ्या त्या पानावर ही एकच चूक सतरा वेळा आहे.

गुंठ्याची गोष्ट

विस्तारसूत्रांपाशी माणसं पाठांतराला लागतात. (अ + ब)² = अ² + २अब + ब². पाठ होतं, आणि ऐन वेळी मधलं २अब गळतं. त्यावर आमच्या सोप्यात सापडलेला उपाय असा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. आता ३३ चे ३० आणि ३ असे दोन तुकडे करा. सूत्र विसरून कुणी ३० चा वर्ग ९०० आणि ३ चा वर्ग ९ मिळवला तर ९०९ येतात. पण गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. १८० चौरस फूट गेले कुठे?

कागदावर चौकोन काढा. डाव्या बाजूपासून ३० फुटांवर उभी रेघ, वरून ३० फुटांवर आडवी रेघ. चार तुकडे झाले. मोठा चौकोन ३० × ३०, कोपऱ्यात छोटा ३ × ३, आणि बांधाला लागून दोन लांबट पट्ट्या, प्रत्येकी ३० × ३. एक पट्टी ९० ची, दोन मिळून १८०. तेच २अब. सांबऱ्याकडचे एक काका हे बघून म्हणाले, "एवढ्या पट्टीसाठी आमच्यात कोर्टकचेऱ्या झाल्यात, आणि ही पोरं फुकट सोडतात होय!" त्यानंतर त्या घोळक्यात कुणाचंही २अब गळलेलं नाही.

तीच आकृती अवयव पाडताना उलटी वापरता येते. क्ष² + ७क्ष + १२ दिसलं की विचारायचं, कुठल्या आयताचं हे क्षेत्रफळ? ज्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२ अशा दोन संख्या शोधायच्या, ३ आणि ४. म्हणून आयताची एक बाजू क्ष + ३, दुसरी क्ष + ४. वर्गसमीकरणाचा निम्मा धडा इथं संपतो. उरलेलं सूत्र आणि विवेचक (उत्तरं कशी येतील ते सांगणारी संख्या), ते अवयव हाताला आल्यावर चार दिवसांत होतं.

रताळी आणि बटाटे

दोन चलांची समीकरणं खरं तर आपण बाजारात रोज सोडवतो. धरा, एका बाईनं ३ किलो रताळी आणि २ किलो बटाटे घेतले, १७० रुपये झाले. दुसरीनं २ किलो रताळी आणि ३ किलो बटाटे घेतले, १५५ झाले. दर काय?

रताळ्याचा दर क्ष, बटाट्याचा य. "रताळी म्हणजे क्ष" असं लिहू नका. क्ष हा दर आहे, रुपयांत. शाब्दिक उदाहरणांत निम्मी माणसं या एका ओळीत घसरतात.

३क्ष + २य = १७०
२क्ष + ३य = १५५

व्हिडिओत एक सहगुणक सारखा करून त्या चलाचा लोप करायला सांगतील. बरोबर आहे, ते शिकाच. पण आधी नुसतं टक लावून बघा, आकडे उलटसुलट आहेत. दोन्ही मिळवा: ५क्ष + ५य = ३२५, म्हणजे क्ष + य = ६५. वरच्यातून खालचं वजा करा: क्ष − य = १५. आता तोंडी होतं. रताळी ४०, बटाटे २५. ताळा तुम्ही घ्या.

यानंतर आलेख काढून दाखवणारं जिओजेब्रा किंवा डेसमॉस उघडा, दोन्ही फुकट आहेत. इंग्रजी अक्षरांत दोन्ही समीकरणं टंका. दोन रेघा उमटतात आणि एका ठिकाणी छेदतात, (४०, २५) वर. वहीतलं उत्तर पडद्यावर त्याच जागी बघितल्यावर भाची पहिल्यांदा म्हणाली, "मग असं सांगायचं की आधी." आलेख वहीतही काढा, एसएसएलसीला काढावाच लागतो. पण पहिला इथं बघा.

पैसे, रेंज आणि फोटो काढणारी ॲप्स

सुरुवातीला एक पैसाही घालू नका. मी घातला होता. एका कंपनीचा माणूस फोनवर गोड मराठीत बोलला, वर्षाचे पैसे भरले. मराठी त्या फोनपुरतीच होती. धडे सगळे हिंदी-इंग्रजीत आणि पळत. पैसे परत मागायला लागलो तर तो गोड आवाज पुन्हा कधी लागला नाही. कुठलाही कोर्स घेण्याआधी त्यातला मधला एक धडा पूर्ण बघायला मागा, पहिला नको. पहिला सगळ्यांचाच चांगला असतो.

जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांनी रेंजची वाट बघत बसू नये. बाजाराच्या दिवशी खानापूरला किंवा बेळगावला आलं की आठवड्याचे पाच व्हिडिओ कमी दर्जात उतरवून घ्यावेत. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यातही दिसतात. पुस्तकाची पीडीएफ तर एकदाच लागते.

उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर देणारी फोटोमॅथसारखी ॲप्स आता सगळ्यांकडे आहेत. बंदी घालून उपयोग नाही. आमचा नियम असा: आधी स्वतः सोडवायचं, ताळा घ्यायचा, ताळा जमला नाही आणि चूकही सापडली नाही तरच फोटो. मग फक्त आपली चुकलेली ओळ बघायची आणि फोन उलटा ठेवायचा.

किती दिवस लागतात?

रोज पाऊण तास दिलात तर माझ्या अंदाजानं ऋण संख्या, अपूर्णांक आणि कंसाला एक महिना. एका चलाची समीकरणं आणि शाब्दिक उदाहरणं, आणखी एक. विस्तारसूत्रं आणि अवयव यांना दीड महिना द्या, इथं घाई करू नका. दोन चलं आणि आलेख एक महिना, वर्गसमीकरण एक महिना. श्रेढी मधेच कुठंही होते. सुगीत, गणपतीत, लग्नसराईत खाडे होणारच. खाडा झाला की पुढचा व्हिडिओ लावू नका, शेवटची तीन उदाहरणं पुन्हा करा आणि मग पुढं चला.

आठवड्यातून एकदा कुणाला तरी समजावून सांगा. घरात लहान भाऊ असेल तर तो, नाहीतर आई. आईला बीजगणित येत नसेल तर अधिकच चांगलं, ती बरोबर अडवते.

जाता जाता एक उदाहरण देतो, सोप्यातल्या पोरांनीच बनवलेलं. खानापूरहून बेळगावला निघालेल्या साध्या बसमध्ये ५२ प्रवासी आहेत. अर्धं तिकीट कुणाचं नाही, पास कुणाकडे नाही. बायका पुरुषांपेक्षा ८ नं जास्त आहेत. तिकीट ३० रुपये धरा. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना शून्य तिकीट, पण महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्या बायकांना पैसे पडतात. कंडक्टरकडे एकूण ७२० रुपये जमले. बसमध्ये पाहुण्या किती?

चलं तीन धरावी लागतील. उत्तर खाली लिहिलेलं नाही, ताळा घ्या.